वास, खोकला आणि तलावाचं पाणी : वाचकांचे प्रश्न

उन्हाळी सुट्टीच्या बॅच सुरू झाल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पोहण्याचा तलाव हटकून असतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेले, मुलांच्या छातीशी आणि तलावातल्या रसायनांशी संबंधित प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. तलाव चालवणाऱ्यांचेही प्रश्न घेतले, कारण पालकांच्या निम्म्या शंकांचं उत्तर पंपाच्या खोलीत असतं.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. तलावाच्या फाटकातच क्लोरीनचा उग्र वास येतो. पाण्यात उतरून दहा मिनिटं झाली की ती खोकायला लागते, डोळे लाल होतात. प्रशिक्षक म्हणतात, "क्लोरीन भरपूर टाकलंय, पाणी एकदम शुद्ध आहे." हे बरोबर आहे का? (एक पालक, कराड)

बहुधा नाही. तो उग्र वास मोकळ्या, म्हणजे अजून कामाला शिल्लक असलेल्या क्लोरीनचा नसतो, वापरून झालेल्या क्लोरीनचा असतो. घाम, लघवी, अंगावरचा साबण आणि तेल यांतून पाण्यात नायट्रोजन असलेले पदार्थ येतात. त्यात युरिया मुख्य. क्लोरीन त्यांना चिकटला की क्लोरामाइन तयार होतात. त्यातला ट्रायक्लोरामाइन पाण्यात फार काळ राहत नाही, उडून हवेत येतो आणि पाण्याच्या पृष्ठभागालगत सर्वांत जास्त साठतो. पोहणाऱ्या मुलाचं नाक-तोंड नेमकं तिथेच असतं. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, कोरडा खोकला ही त्याचीच लक्षणं. मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) ठेवलेल्या, नीट सांभाळलेल्या उघड्या तलावाच्या काठावर जेमतेम वास येतो.

तेव्हा प्रशिक्षकांना "क्लोरीन किती टाकलं?" असं विचारू नका. तीन आकडे विचारा : मोकळा क्लोरीन, एकूण क्लोरीन आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचा आकडा). एकूणातून मोकळा वजा केला की उरतो तो बांधला गेलेला क्लोरीन, म्हणजेच क्लोरामाइन. तो ०.२ पीपीएमच्या आत असेल तर उत्तम. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या आदर्श संहितेत ०.४ च्या वर गेला तर उपाय करा असं सांगितलं आहे. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये हवा. हे आकडे फळ्यावर रोज लिहिलेले नसतील तर ती तलावाची पहिली त्रुटी समजा.

आणखी एक गोष्ट बघा. खोकला एकट्या तुमच्या मुलीला येतो की बॅचमधल्या पाच-सहा मुलांना? बऱ्याच जणांना येत असेल आणि डोळेही चुरचुरत असतील तर दोष पाण्याचा. फक्त तिलाच, तेही पोहणं थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांनी येत असेल आणि छातीत शिट्टीसारखा आवाज होत असेल, तर श्रमाने आवळणाऱ्या श्वासनलिकांचा संशय घ्यायला हवा. रात्री-पहाटेही खोकत असेल तर तलावाला दोष देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : आमच्या तलावावर ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक करतात तशीच ओटी टेस्ट आम्ही रोज करतो. पिवळा रंग छान येतो. तरी पालक वासाची तक्रार करतात. (तलाव व्यवस्थापक, इस्लामपूर)

ओटी टेस्ट पिण्याच्या पाण्यासाठी ठीक आहे. तिथे टाकीत कोणी अंघोळ करत नाही. ऑर्थोटोलिडिन (ओटी ते हेच) मोकळा आणि बांधलेला असे दोन्ही क्लोरीन मिळून पिवळा रंग देतो. म्हणजे तुमच्या बाटलीतला 'छान पिवळा' सगळाच्या सगळा क्लोरामाइनचा असू शकतो.

मोकळा आणि एकूण क्लोरीन वेगवेगळा दाखवणाऱ्या डीपीडी गोळ्यांचा किट घ्या. पाण्याचा नमुना काठावरून खरवडून घेऊ नका. कोपरभर खोल हात घालून, पाणी आत येणाऱ्या नळ्यांपासून दूर घ्या. १० मिलि नमुन्यात डीपीडी १ नंबरची गोळी चुरडली की लगेच येणारा गुलाबी रंग मोकळा क्लोरीन दाखवतो. त्याच नमुन्यात ३ नंबरची गोळी टाकून दोन मिनिटं थांबा; आता दिसतो तो एकूण. गोळीला बोट लावू नका, बोटाच्या घामानेही आकडा बिघडतो. एक फसवणूक लक्षात ठेवा. क्लोरीन १० पीपीएमच्या आसपास किंवा वर असेल तर गुलाबी रंग उडून जातो आणि नमुना पांढरा दिसतो. 'क्लोरीन शून्य' समजून आणखी ओतणारे लोक असतात. शंका आली तर नमुना क्लोरीन नसलेल्या पाण्याने पाचपट पातळ करून पुन्हा मोजा आणि आकड्याला पाचने गुणा.

आता समजा, २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलाव आहे, म्हणजे ३ लाख लिटर. बांधलेला क्लोरीन ०.८ निघाला. तो तोडायला मोकळा क्लोरीन त्याच्या साधारण दहापट, म्हणजे ८ पीपीएम वाढवावा लागतो. ३ लाख लिटरला १ पीपीएम म्हणजे ३०० ग्रॅम क्लोरीन, तेव्हा ८ पीपीएमसाठी २,४०० ग्रॅम. १० टक्क्यांचं ताजं हायपो (द्रव सोडियम हायपोक्लोराइट) असेल तर २४ लिटर. ६५ टक्क्यांची दाणेदार पावडर असेल तर ३ किलो ७०० ग्रॅम. ३० टक्क्यांची साधी ब्लिचिंग पावडर असेल तर ८ किलो. शेवटच्या पर्यायात चुन्याचा गाळ पाणी गढूळ करतो, म्हणून तो नाइलाज म्हणूनच वापरा. पोतं उघडून दोन-तीन महिने झालेली पावडर ३० टक्के राहत नाही, हेही ध्यानात घ्या. उकाडा आणि दमट हवा तिचा जोर खाऊन टाकतात.

हे काम रात्री, तलाव बंद करून, मुख्य पंप रात्रभर चालू ठेवून करायचं. अर्धं औषध आज, अर्धं परवा असं केलंत तर क्लोरामाइन तुटण्याऐवजी वाढतात. सकाळी मोकळा क्लोरीन ३ च्या आत आल्याशिवाय मुलांना सोडू नका.

एवढं करूनही आठवड्याभरात वास परत आला तर क्लोरीनचा पिच्छा सोडा. पाण्यात युरिया साठला आहे, आणि युरिया बाहेर काढायचा खात्रीचा मार्ग म्हणजे पाणी बदलणं. युरोपातले नियम दर पोहणाऱ्यामागे रोज ३० लिटर नवं पाणी धरतात. दिवसाला २०० मुलं म्हणजे ६,००० लिटर. वाळूच्या फिल्टरचं बॅकवॉश (उलट पाणी सोडून धुणं) करताना जाणारं पाणी यातच मोजायचं, त्यामुळे वेगळी नासाडी होत नाही. बॅकवॉश कधी? स्वच्छ फिल्टरपेक्षा दाबाचा काटा ८ ते १० पीएसआयने चढला की. 'रविवारी करतो' हे उत्तर मे महिन्यात चालत नाही.

प्रश्न : नातवाला बालदमा आहे, वय नऊ. मिरजेचे डॉक्टर म्हणतात पोहायला घाला. घरातल्यांना भीती वाटते की क्लोरीनने दमा वाढेल. कोणाचं ऐकायचं? (आजोबा, मिरज)

डॉक्टरांचं, पण घरातल्यांची भीती निराधार नाही. २००३ साली बेल्जियममधल्या आल्फ्रेड बर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी बंदिस्त तलावात नेमाने जाणारी शाळकरी मुलं आणि दमा यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला आणि तिथून वाद पेटला. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटनमध्ये बंदिस्त तलावांवर काम करणाऱ्यांना क्लोरामाइनमुळे दमा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली होती. पुढे २०११ मध्ये ब्रिस्टल परिसरातल्या, जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या मोठ्या अभ्यासात उलटं चित्र दिसलं : पोहणाऱ्या मुलांत दमा वाढलेला नव्हता, फुप्फुसांची क्षमता थोडी बरी होती. २०१३ च्या कोक्रेन आढाव्यानेही (असे आढावे अनेक अभ्यास एकत्र तपासतात) दमा स्थिर असलेल्या मुलांना पोहण्याचा सराव मानवतो आणि फुप्फुसांच्या चाचणीत सुधारणा दिसते असं नोंदवलं. आमच्या मते या सगळ्याचा अर्थ सरळ आहे. पोहणं छातीला चांगलं, कोंदलेली तलावाची हवा वाईट. पाण्यालगतची हवा ओलसर असते, म्हणून कोरड्या हवेत धावताना श्वासनलिका जशा आवळतात तशा पोहताना कमी आवळतात. शिवाय आपल्याकडचे बहुतेक तलाव उघडे आहेत. वारा क्लोरामाइन उडवून नेतो.

अटी मात्र पाळा. गेल्या चार आठवड्यांत रात्री खोकून उठणं, शाळेत धाप लागणं, आराम देणारा पंप वारंवार लागणं असं होत असेल तर दमा आटोक्यात नाही. आधी रोजचं औषध नीट बसवून घ्या, मग पोहणं. डॉक्टरांनी पोहण्याआधी साल्ब्युटामॉलचा पंप सांगितला असेल तर तो साधारण १५ मिनिटं आधी, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावूनच : पंप हलवा, एक फवारा, मुलाने शांतपणे पाच-सहा श्वास घ्यायचे, अर्धा-एक मिनिट थांबून दुसरा फवारा. दोन्ही फवारे एकदम स्पेसरमध्ये सोडले तर औषध भिंतीलाच चिकटतं. 'पंपाची सवय लागते' ही समजूत सोडून द्या. मात्र पोहणं नसतानाही तो दर दोन-तीन दिवसांनी लागत असेल, तर तो डॉक्टरांना दाखवण्याचा इशारा आहे.

पंप आणि स्पेसर घरी कपाटात ठेवून उपयोग नाही. ते नाव लिहिलेल्या पिशवीत, काठावर, सावलीत, प्रशिक्षकांना माहीत असलेल्या जागी हवेत. बॅच निवडताना सकाळची पहिली घ्या. रात्रभर फिल्टर चाललेला असतो आणि गर्दीचा युरिया अजून पाण्यात पडलेला नसतो. पोहताना बरगड्यांच्या मध्ये खड्डे पडायला लागले, एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसले किंवा मूल सुस्तावलं तर पंप देत देतच १०८ ला फोन करा. 'बसून बरं वाटेल' म्हणून थांबू नका.

प्रश्न : वाईजवळ आमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. तलाव १२ बाय ६ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर. रोज दोन क्लोरीन गोळ्या फ्लोटरमध्ये ठेवतो. मार्चमध्ये पाणी काचेसारखं होतं; आता मेमध्ये टेस्टमध्ये क्लोरीन २ दिसतं आणि तरी पाणी हिरवट. गोळ्या नकली आहेत का?

गोळ्या खऱ्या आहेत, म्हणूनच हे झालं. २०० ग्रॅमची ती गोळी टीसीसीएची (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाची). तिच्यात क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्ल असतं. ते उन्हापासून क्लोरीनला वाचवतं, पण क्लोरीन संपला तरी ते पाण्यातच राहतं. बाष्पीभवनाने जात नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. तुमचा तलाव ८६,४०० लिटरचा. १ किलो टीसीसीए त्यात साधारण ६.४ पीपीएम सायन्युरिक आम्ल वाढवतं. रोज ४०० ग्रॅम, ६० दिवस, म्हणजे २४ किलो : सुमारे १५० पीपीएम. ३० ते ५० पुरेसं असतं. इतक्या आम्लाने बहुतांश क्लोरीन धरून ठेवला, की डीपीडीच्या बाटलीत २ दिसला तरी शेवाळ आणि जंतू मारण्यापुरता मोकळा उरतच नाही.

सायन्युरिक आम्लाची टेस्ट वेगळी असते, ढगाळ होणाऱ्या नळीची. ती एकदा करा. १५० वरून ५० वर यायचं तर दोन तृतीयांश पाणी बदलावं लागतं. मेमध्ये टँकरच्या भावाने ते जिवावर येईल. म्हणून पुढच्या हंगामात सुरुवातीचे काही दिवस गोळ्या चालवा, आम्ल ३० पर्यंत आलं की रोजचा डोस हायपोवर न्या. तुमच्या तलावाला १ पीपीएमसाठी १० टक्क्यांचं हायपो ८६० मिलि लागतं. ऊन उतरल्यावर, संध्याकाळी द्या. दुपारी दिलेलं बरंचसं ऊन खातं.

हायपोने पीएच चढतो, गोळ्यांनी उतरतो, हेही त्याबरोबर आलं. पीएच ८ ला पोचला की मोकळ्या क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा कामाचा राहतो, ७.२ ला दोन तृतीयांश. पीएच उतरवायला अॅसिड देताना १ लाख लिटरला एका वेळी १ लिटरपेक्षा जास्त नको. बादलीभर पाण्यात अॅसिड ओतायचं (अॅसिडवर पाणी नव्हे), पंप चालू ठेवून, तलावात कोणी नसताना. चार तासांनी पुन्हा मोजा. जत, कवठेमहांकाळकडच्या बोअरच्या जड पाण्यात पीएच उतरवला तरी पुन्हा वर सरकत राहतो. तिथे धीर धरावा लागतो. पण घाईत ७ च्या खाली नेऊ नका, आम्लधर्मी पाण्यात ट्रायक्लोरामाइन जास्त बनतो आणि तुम्ही ज्यासाठी खटपट करताय तोच खोकला मुलांना होतो.

हिरवटपणावर मोरचूद टाकायचा सल्ला द्राक्षबागायतदार शेजारी देतीलच. शेवाळ मरतं, पण तांबं पाण्यात साठतं, फिकट रंगाच्या केसांवर नि टाइल्सवर हिरवा डाग धरतं आणि जंतूंसाठी क्लोरीनची जागा काही घेत नाही.

प्रश्न : पाचगणीला मुलांच्या शाळेत तलाव बंद शेडमध्ये आहे. थंडी-पावसात खिडक्या लावून घेतात. त्याने काही बिघडतं का?

बंद शेड हीच खरी काळजीची जागा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत बंदिस्त तलावाच्या हवेत ट्रायक्लोरामाइनच्या प्रकारची संयुगं प्रति घनमीटर ०.५ मिलिग्रॅमच्या आत ठेवावीत, असं तात्पुरतं मूल्य दिलं आहे. ते मोजायचं उपकरण शाळेकडे नसणार. तेव्हा डोळ्यांनी बघा : पत्र्याला, रेलिंगला, दिव्यांच्या ब्रॅकेटला गंज चढतोय? तीच हवा मुलं श्वासात घेत आहेत. स्टेनलेस स्टीलचाही भरवसा धरू नये. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडच्या उस्टर इथे तलावावरचं काँक्रीटचं छत पडून १२ माणसं गेली, कारण ते तोलून धरणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्या त्या हवेत आतून चिरल्या होत्या.

ट्रायक्लोरामाइन हवेपेक्षा जड असल्याने छताजवळचा एक्झॉस्ट त्याला फारसा ओढत नाही. एक्झॉस्ट एका बाजूला काठाच्या पातळीवर, ताजी हवा समोरच्या बाजूने. बॅच सुरू होण्याच्या अर्धा तास आधीपासून चालवा. खिडक्या लावून उबदार राहण्यापेक्षा वेळ कमी करा : पंचेचाळीस मिनिटांऐवजी तीस. जास्तीचा क्लोरीन द्यायची रात्र असेल तेव्हा खिडक्या सताड उघड्या हव्यात, कारण तुटलेले क्लोरामाइन जाणार हवेतच.

प्रश्न : तासगावला फार्महाऊसच्या खोलीत तलावाची पावडर, गोळ्या, अॅसिड आणि बागेची खतं-औषधं एकत्र ठेवली आहेत. कुलूप लावलेलं असतं. मुलं तिथे जात नाहीत. तरी धोका आहे का?

आहे, आणि या पानावरचा सर्वांत मोठा. तलावाच्या पाण्याने मुलं खोकतात. रसायनांच्या खोलीतल्या एका चुकीने माणसं दवाखान्यात जातात.

अॅसिड आणि कुठलंही क्लोरीन औषध एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लिचिंग किंवा ६५ टक्क्यांची पावडर आणि टीसीसीएच्या गोळ्या दोन्ही 'क्लोरीनच' असल्या तरी एकमेकांच्या वैरी आहेत. ओलसरपणात एकत्र आल्या तर पेट घेतात, स्फोटही होतो. आणि बागेच्या खोलीत युरिया आहे, गंधक आहे, डिझेल आहे. युरियाचा पावडरशी संयोग झाला तर तलावात जे थेंबाथेंबाने बनतं तेच ट्रायक्लोरामाइन घट्ट स्वरूपात बनतं, आणि ते स्फोटक असतं. गंधक किंवा डिझेलशी पावडर आली की आगीला काडी लागत नाही. यासाठी पोती फुटायला हवीत असंही नाही. युरियाचं माप पावडरीच्या डब्यात जाणं पुरतं.

म्हणून क्लोरीन औषधांची खोली बागेपासून वेगळी. पावडर आणि गोळ्या वेगळ्या भिंतींना. अॅसिड तिसरीकडे, जमिनीलगत, ट्रेमध्ये. द्रव कधीही पावडरच्या वरच्या फळीवर नको. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. प्रत्येक डब्याचं स्वतःचं माप, वेगळ्या रंगाचं. खाली आणि वर झडपा, दार बाहेर उघडणारं. पावडर नेहमी पाण्यात टाकायची. उरलेल्या पावडरवर पाणी ओतायचं नाही. फ्लोटरमध्ये गोळीच्या जागी 'आज पावडर भरू' असंही करायचं नाही. आणि मुलांना 'जा रे, दोन गोळ्या टाकून ये' म्हणून पाठवण्याची आपल्याकडची सवय या एका कामापुरती तरी बंद करा. बंद डब्याचं झाकण उघडताच जो भपकारा येतो तो थेट त्यांच्या तोंडावर येतो.

प्रश्न : एका तलावावर लाईट गेली, दहा मिनिटांनी आली आणि लगेच पाण्यातून हिरवट-पिवळा धूर येऊन मुलं गुदमरायला लागली. हे कसं होतं? (वाचक, सांगली)

मुख्य पंपाचा स्टार्टर लाईट गेली की पडतो, आणि लाईट आल्यावर हाताने दाबावा लागतो. अॅसिड आणि हायपोचे छोटे डोसिंग पंप मात्र साध्या प्लगवर असतात. लाईट येताच ते आपोआप चालू होतात. पाणी वाहत नसलेल्या नळीत दोन्ही भेटतात आणि क्लोरीन वायूचा गोळा साठतो. मग कोणीतरी येऊन स्टार्टर दाबतं, आणि तो गोळा नळ्यांतून थेट मुलांमध्ये.

इलाज वायरमनच्या हातात आहे : डोसिंग पंपांची वीज मुख्य पंपाच्या काँटॅक्टरमधून घ्या, आणि शक्य तर पाणी वाहतंय याची खूण देणारा फ्लो स्विच मध्ये घाला. मुख्य पंप बंद, तर डोसिंग बंद. दोन्ही औषधांची इंजेक्शनची तोंडं एकमेकांपासून लांब ठेवा. आणि लाईट गेली की मुलांना बाहेर काढा. पंप सुरू होऊन पाच-दहा मिनिटं नीट चालल्याशिवाय परत सोडू नका. हा नियम फुकट आहे.

झालंच तर : वाऱ्याच्या उलट दिशेने आणि उंच जागी चला. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड असतो, तो खाली बसतो. लहान मुलाला मोठ्यापेक्षा जास्त लागतो. मुलाला उचलून घ्या. ओले कपडे काढा, अंग धुवा, डोळ्यांवर १५ मिनिटं साधं पाणी सोडा. उलटी करवू नका. लिंबू, सोडा असले 'उतारे' नकोत. १०८ ला फोन करताना 'क्लोरीन' हा शब्द सांगा. तासाभरात बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा; फुप्फुसांत पाणी भरण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो, म्हणून चोवीस तास लक्ष ठेवायचं.

प्रश्न : गावी मुलं विहिरीत पोहायला शिकतात. विहिरीत टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकावी का, किती?

विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा : व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ०.७८५, हे घनमीटर. ६ मीटर व्यास, ४ मीटर पाणी असेल तर ११३ घनमीटर. दर घनमीटरला अडीच ग्रॅम ताजी टीसीएल, म्हणजे सुमारे २८० ग्रॅम. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, तेव्हा तीन बादल्या. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, पाऊण बादली पाणी भरून ढवळा, पाच-दहा मिनिटं चुना बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. ती बादली दोराने पाण्यात सोडून वरखाली हलवा. तासभर कोणीही पाण्यात नको. टीसीएल देताना पायऱ्यांवर उतरून उभं राहू नका, आणि मुलांना कडेलाही थांबू देऊ नका. विहिरीत वारा पोचत नाही, वास तळाशीच कोंडतो. चुन्याचा गाळ विहिरीत ओतू नका.

प्रश्न : पोहण्याआधी मुलांच्या अंगाला, केसांना खोबरेल लावावं असं सांगतात. फायदा होतो का?

केसांना थोडा. तलावाला तोटा. तेल क्लोरीन खातं आणि फिल्टरच्या वाळूचे गोळे करतं. टोपी घाला. त्यापेक्षा पाण्यात उतरण्याआधी एक मिनिट शॉवरखाली अंग चोळून घ्यायला लावा आणि लघवीला पाठवा. क्लोरामाइन कमी करायला याइतकं स्वस्त काही नाही. कोरडी मुलं थेट पाण्यात सोडणारा तलाव दिसला तर बाकीचे आकडेही एकदा विचाराच.

प्रश्न : हिवाळ्यात, कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू असताना, मुलाचा खोकला तलावावर जास्त होतो. पाणी बदललंय का?

पाणी तेच असू शकतं, हवा बदललेली आहे. चिमणीची काजळी, उसाचं पाचट जाळल्याचा धूर, गुऱ्हाळ, त्यात पहाटेची थंड हवा. यांनी आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला थोडं क्लोरामाइनही सहन होत नाही. पाचट पेटवलेलं दिसतंय त्या दिवशी आणि सर्दी-तापानंतरचा आठवडाभर सुट्टी द्या. गळीत हंगामात बॅच पहाटेऐवजी ऊन वर आल्यावरची घ्या. धूर तोवर वर उठलेला असतो.

प्रश्न : गच्चीवर फुगवायचा प्लास्टिकचा टब घेतलाय. त्यात किती ब्लिचिंग टाकू?

टाकूच नका. इतक्या थोड्या पाण्यात चिमूटभरही जास्त होते. मुलं बाहेर आली की टब रोज रिकामा करा, घासा, उन्हात उलटा घाला. पाणी कुंड्यांना चालेल.